तिन्हीसांजेचं विरजण

३ मार्च २०२४, रविवार. आकाश निरभ्र, कडांना मात्र कारखान्यांचा धुरकट पिवळेपणा. दुपारी चटका, संध्याकाळी पश्चिमेकडून थोडा वारा.

असल्या हवेत इंग्लिश यीस्ट सांभाळणं म्हणजे थंड देशातल्या पाहुण्याला चुलीपुढे बसवून ‘बरं वाटतंय ना?’ असं विचारण्यासारखं आहे, असं गोरक्ष म्हणायचा. त्यासाठी त्यानं चिंचवडच्या आपल्या फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनला खेटून, एक मोठा टब पाण्यानं भरून ठेवला होता. त्यात बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या तरंगत असायच्या आणि रुंद तोंडाची तीन स्टीलची पातेली, वर धुतलेलं मलमल बांधून, निम्म्याहून अधिक बुडवलेली असायची. तिन्ही पातेल्यांत एकच काढा होता, बार्लीचं माल्ट भिजवून, गाळून, हॉप्सच्या कडू फुलांबरोबर उकळून थंड केलेला. यीस्ट मात्र तिन्हींत निरनिराळं होतं. चाकणच्या कंपनीत क्वालिटी विभागात आयुष्य घालवून मुदतीआधी निवृत्त झाल्यापासून घरच्या घरी बिअर करण्याचा हा नाद त्याला लागला होता, आणि नादातही त्याची जुनी खोड गेली नव्हती. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि बघत बसायचं.

त्याला हवं होतं ते काम करता करता वर येणारं यीस्ट. काही यीस्ट तळाशी बसतात आणि गाळात मिसळून जातात. काही फेसाबरोबर वर चढतात आणि तिथे सायीसारखी जाड होऊन थांबतात. ती साय वरच्यावर उतरवून बरणीत ठेवायची आणि तीच पुढच्या खेपेला लावायची. असं केलं की एका घरात एकच यीस्ट वर्षानुवर्षं चालतं. जर्मन यीस्ट उसळून वर यायचं, इतकं की मलमल भिजवून टबात सांडायचं, आणि केळी-लवंगांच्या वासानं सारं घर भरून टाकायचं. नॉर्वेचं यीस्ट चिंचवडच्या उन्हाळ्याला भीक घालत नसे, पण त्याचा फेस विरळ. झारा लावेपर्यंत खाली बसलेला. इंग्लिश सावकाश यायचं, पण आलं की साय धरायचं आणि तिथून हलायचं नाही. गोरक्षनं त्याचीच निवड करून टाकली होती.

“तुमचं दारूचं दही लागलं का?” जयमाला स्वयंपाकघरातून विचारायची. तिनं या नादाला कधी नावं ठेवली नाहीत. विरजण म्हटल्यावर तिला ते सगळं समजल्यासारखं झालं होतं. सोसायटीत मात्र कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, ही तिची अट होती.

त्या दिवशी त्यानं इंग्लिशचा पहिला फेस काढला तेव्हा हॉलमधल्या दिवाणावर पुनम कुशीवर पडून बघत होती. त्यांची ही एकुलती मुलगी मारुंजीहून आईकडे येऊन राहिली होती. जावई स्वराज कंपनीतून सुटला की शनिवारी यायचा. पुनमला चौथा महिना होता. आधीची दोन्ही मुलं पोटातच गेली होती, आणि दोन्ही वेळा डॉक्टरांनी कागदावर लिहिलेला आठवडा एकच होता, बाविसावा. या खेपेला घरात कुणी पाळण्याचं नाव काढत नव्हतं. पुनम फारशी उठत नव्हती, आणि जयमालानं तिला हाक मारली की तिची ओ येईपर्यंत सगळे हातातलं काम थांबवायचे.

“पहिला का टाकता, बाबा?”

“कडू असतो. हॉप्सची राळ, सगळी घाण त्याच्याबरोबर वर येते. तो काढून टाकला नाही तर पुढचा...”

गोरक्ष थांबला. झाऱ्यावरून काळपट फेस मोरीत ओघळत होता.

“पुढचा चांगला येत नाही,” पुनमनं वाक्य पुरं केलं. मग विचारलं, “आणि दुसरा?”

त्यानं झारा उकळत्या पाण्यात बुडवला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, “यीस्ट दमदार असलं की तिसराही येतो. तो सगळ्यांत स्वच्छ असतो.”

दिवेलागणीला भैरू आला. चाकणच्या पलीकडच्या गावातला शेतकरी गडी, कंपनीत गोरक्षच्या हाताखाली लागला आणि पुढे त्याचा दोस्त झाला. अजून शिफ्ट करत होता आणि गोरक्षचं बघून त्यानंही घरी पातेलं लावलं होतं.

“गोरखभाऊ, वास जिन्यापर्यंत येतोय राव. लोक म्हनतील, क्वालिटीवाल्यानं बेकरी काढली.” चपला काढता काढता त्यानं रिकामी बरणी पुढे केली. “माझं पार मेलं. तुझं ते इंग्लिश दे थोडं.”

दुसऱ्या फेसाची पांढरी साय नुकतीच धरू लागली होती. सकाळपर्यंत थांबायला हवं होतं. पण माणूस चाकणहून ट्रॅफिक सोसत आला होता, त्याला हात हलवत परत कसं पाठवायचं? गोरक्षनं साय उतरवायला घेतली.

जयमाला देवापुढे दिवा लावून बाहेर आली. “भैरूभाऊजी, चहा घ्या, जेवून जा. पण ते सकाळी न्या. तिन्हीसांजेला कुणी विरजण देतं का?”

“वहिनी, हे दारूचं इरजन हाय,” भैरू म्हणाला. “लक्ष्मी बघून न बघितल्यावानी करंल.”

गोरक्ष हसला. दिवाणावरून पुनमही हसली, बऱ्याच दिवसांनी. बरणी जवळजवळ भरली. जयमाला हसली नाही. “देणाऱ्याच्या घरचं मग लागत नाही,” एवढंच ती पुटपुटली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.

इंग्लिशच्या पातेल्यात गोरक्ष रोज काचेची एक नळी तरंगत सोडायचा. काढ्यात साखर जास्त असेल तर नळी उंच तरंगते. यीस्ट साखर खात जाईल तसतशी ती बुडत जाते आणि तिच्यावरचा आकडा उतरत जातो. पन्नाशीत सुरू झालेला आकडा दहाच्या आसपास आला की काम पुरं झालं. त्या खेपेला तो बाविसावर आला आणि तिथेच राहिला. गोरक्षनं पातेलं ढवळलं, टबातला बर्फ कमी केला, वाट पाहिली. आकडा हलला नाही. चव घेतली तर काढा गोडसर, अर्धवट, कुणी मध्येच उठून गेल्यासारखा.

कारण त्याला लगेच सापडलं. फेस वेळेआधी काढला की जे घाई करतं तेच यीस्ट हाती लागतं, आणि घाई करणारं काम अर्ध्यावर टाकतं. भैरूसाठी घाईनं झारा घातला, त्याचं हे फळ. त्यानं उरलेल्यातून नवी खेप लावली, या वेळी फेसाला बोटसुद्धा लावलं नाही, साय पूर्ण पिकू दिली. बावीस.

मग जर्मन लावलं. ते नेहमीसारखं उसळलं, घरभर केळी-लवंगा झाल्या, आणि बाविसावर आल्यावर वास एकदम बंद झाला, कुणीतरी दार लावून घ्यावं तसा. नॉर्वेचं यीस्ट तर फुफाट्यातही काम सोडत नाही. तेही बाविसावर थांबलं. त्यानं नळी साध्या पाण्यात तपासली. पाण्यात ती बरोबर शून्य दाखवत होती. नवी नळी मागवली. नव्या नळीनंही तेच सांगितलं. तीन देशांची तीन यीस्ट, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, ती एकाच आकड्यावर येऊन उभी राहिली होती, आणि क्वालिटीत आयुष्य काढलेल्या माणसाला याचं एकही कारण सुचत नव्हतं.

“दूध लागेना झालंय,” एका सकाळी जयमाला म्हणाली. तिनं वाडगं त्याच्यापुढे धरलं. दूध नासलं नव्हतं, आंबलं नव्हतं. जरासं दाट झालं होतं आणि तसंच होतं. तिनं शेजारणीकडून विरजण आणलं, डेअरीतलं दही लावून बघितलं. इडलीचं पीठ निम्म्यापर्यंत फुगून रात्रभर तिथेच राहायला लागलं. पाडव्याला चक्का विकत आणावा लागला, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. बाल्कनीतल्या मोगऱ्याला कळ्या आल्या, फुगल्या, पांढऱ्या झाल्या आणि न उमलता देठावरच पिवळ्या पडत गेल्या. गोरक्ष त्या रोज सकाळी खुडून टाकायचा, पुनमच्या नजरेला पडायच्या आत.

पण पुनमला दिसत असावं. ती बोलता बोलता थांबायला लागली होती. “आई, मला जरा...” म्हणायची आणि छताकडे बघत राहायची. काय हवंय विचारलं तर म्हणायची, “काही नाही. मी काय म्हणत होते?”

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तिला रक्ताचे डाग दिसले. डॉक्टरांनी तपासून गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला, पाठ टेकून पडून राहायला सांगितलं, आणि स्वराजला बाजूला घेऊन म्हणाले की पुढचा आठवडा निघाला तर आशा आहे. पुढचा आठवडा बाविसावा होता. दवाखान्यातून घरी आल्यावर स्वराज जिन्यातच बसून राहिला. गोरक्षनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाल्कनीत जाऊन त्यानं तिन्ही पातेल्यांवरची मलमलं सोडली. तिन्हींत काढा निपचित पडला होता. त्यावर ना फेस होता, ना बुडबुडा.

त्यानं भैरूला फोन लावला.

“तुझं कसं चाललंय?”

“माझं? इचारू नको राव. पातेलं सोडून पळतंय,” भैरू म्हणाला. “धाव्या आकड्याच्या बी खाली गेलं. आन नुसतं तेवढंच न्हाई. म्हैस दोन येळा बादली भरतीय. दही तर असं लागतंय, तुझी वहिनी सुरीनं कापती. हात चांगला हाय तुझा, भावा.”

“मला त्यातलं थोडं परत हवंय.”

“घे की. तुझंच हाय. पर सकाळचा ये. तिन्हीसांजंला आमची बाई घरातलं मीठबी द्यायची न्हाई.”

गोरक्ष फोन हातात धरून उभा राहिला. आतून जयमालाचा आवाज येत होता. ती पुनमला भरवत होती, आणखी एक घास, एवढाच, म्हणत होती. तिनं तिन्हीसांजेचं ते वाक्य पुन्हा कधी उच्चारलं नव्हतं, पण त्या दिवसापासून संध्याकाळी कुणी दारात आलं तर ती उंबऱ्यावर येऊन उभी राहायची आणि हातानं काही आत-बाहेर होऊ द्यायची नाही. गोरक्षनं तिला सांगितलं, “मी चाकणला जाऊन येतो.”

“आत्ता?”

“हो.”

तिनं पुनमचं ताट बाजूला ठेवलं. मग तिनं एक बरणी उकळत्या पाण्यातून काढली, फडक्यानं पुसली आणि त्याच्या हातात दिली.

ट्रॅफिक नव्हता. तो ऊन चांगलं असतानाच गावाशी पोचला. सरळ भैरूच्या दारात जाता आलं असतं. भैरू शिफ्टला निघायच्या तयारीत असेल, चहा झाला असता, गप्पा झाल्या असत्या. गोरक्षनं गाडी अलीकडच्या बंद पडलेल्या वजनकाट्याच्या सावलीत लावली आणि काच खाली करून बसला. समोरून भैरूची मोटारसायकल कंपनीच्या रस्त्याला लागली, तेव्हा त्यानं मान खाली घातली. शेतापलीकडच्या शेडांवरून ऊन सरकत गेलं. गुरं परतली. एका खिडकीत बल्ब लागला, दुसऱ्या घरात उदबत्तीचा वास सुटला, आणि कुठलीशी बाई वाकून तुळशीपुढे दिवा ठेवताना दिसली, तेव्हा तो उतरला. पाय अवघडले होते.

दार भैरूच्या सुनेनं उघडलं. मैत्री तिचं नाव. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, ताथवड्याच्या कॉलेजात शिकलेली.

“या काका. मामा मघाशीच शिफ्टला गेले. आत्या देवळात गेल्यात.”

“ते यीस्ट न्यायला आलो होतो. भैरूला बोललोय मी.”

“हो, फ्रिजमध्ये आहे.” ती जरा घुटमळली आणि हसली. “आत्या असत्या तर दिलं नसतं या वेळेला. मी नाही मानत असलं काही.”

ती फ्रिजकडे वळली तेव्हा तिनं एक हात कंबरेवर ठेवला. ओढणी पुढून पसरून घेतली होती, तरी दिसत होतं, नुकतंच दिसू लागलेलं. गोरक्षनं नजर वळवली. कोपऱ्यात देवापुढे समई होती, ती मैत्रीनं नुकतीच लावली असावी. काडीचा वास अजून जात नव्हता. ‘राहू दे पोरी, सकाळी येतो’ हे शब्द त्याच्या जिभेवर आले. ते तिथे आहेत हे त्याला कळत होतं, कितीतरी वेळ कळत होतं.

मैत्रीनं बरणीचं झाकण काढलं. साय लोण्यासारखी, जाड, मोत्याच्या रंगाची. ती चमच्यानं त्याच्या बरणीत घालू लागली. “थोडं इथं ठेवू ना? मामांना लागेल.”

“नको,” गोरक्ष म्हणाला. “सगळंच लागेल.”

तिनं बरणी निपटून दिली.

परतताना त्यानं बरणी शेजारच्या सीटवर ठेवून तिला पट्टा लावला. आळंदी फाट्याशी झाकण आपोआप करकरलं. त्यानं ते सैल केलं, तर आतून हलकासा उसासा बाहेर पडला आणि गाडीत भाजलेल्या ब्रेडचा वास भरला.

त्यानं ते यीस्ट इंग्लिशच्या पातेल्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी मलमल मधोमध उचललं गेलं होतं. आकडा एकवीस झाला, मग एकोणीस. जयमालानं काही न विचारता दूध लावलं. सकाळी तिनं वाडग्यात चमचा उभा केला आणि तो उभाच राहिला. मोगऱ्याची दोन फुलं उमलली, ती तिनं पुनमच्या उशाशी ठेवली. पुनम म्हणाली, “आई, मला जरा लोणचं दे, कैरीचं, आणि खिडकी उघड, किती कोंडलंय इथे.” जयमाला पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. बाविसावा आठवडा गेला, तेविसावा गेला. आकडा दहावर येऊन थांबला.

त्यानंतर गोरक्ष भैरूला फोन करायचं टाळू लागला. भैरूचे फोन आले, तेही त्यानं वाजू दिले.

२७ मे, सोमवार. दिवसभर उकाडा, ढग येऊन गेले. दिवेलागणीला बेल वाजली. जाळीच्या दाराबाहेर भैरू उभा होता, हातात रिकामी बरणी. या वेळी त्यानं चपला काढल्या नव्हत्या.

“गोरखभाऊ.”

“भैरू.”

“घरात काय लागंना झालंय राव. दूध लागंना. म्हैस आटली. पातेलं मधीच थांबतंय.” तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. “बाई म्हनली, ज्याच्याकडं गेलंय त्याच्याकडनं आन. आन आत्ताच आन म्हनली, दिवा लागायच्या टायमाला.”

गोरक्षनं मागे वळून पाहिलं. आत पुनम उशांना टेकून बसली होती. तिच्या पोटावर हात होता आणि ती स्वराजला फोनवर काहीतरी सांगून हसत होती. तिचं हसू दारापर्यंत ऐकू येत होतं.

“सूनबाईला बरं न्हाई,” भैरू हलक्या आवाजात म्हणाला. “दुपारधरनं पडून हाय. पाचवा लागलाय तिला. तुला ठाव हाय, तू बघून गेलायस.” त्यानं बरणी जाळीपाशी आणली. “सगळं नगं. चमचाभर दे.”

स्वयंपाकघराच्या दारात जयमाला येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात पेटतं निरांजन होतं. ती पुढे आली नाही आणि मागेही गेली नाही. गोरक्षनं तिच्याकडे पाहिलं, मग जाळीच्या कडीकडे. कडी आतून लावलेली होती.

“तिन्हीसांज झालीय,” तो म्हणाला. “सकाळी ये, भैरू.”

भैरू त्याच्याकडे बघत राहिला. जिन्यातला दिवा मिनिटभरानं आपोआप विझला, तरी तो तिथेच उभा होता. अंधारात फक्त बरणीची काच दिसत होती. मग तीही दिसेनाशी झाली.

सकाळी भैरू आला नाही. मैत्रीला पहाटे दवाखान्यात नेलं होतं. मूल राहिलं नाही.

२१ ऑगस्ट, बुधवार. रात्रभर रिपरिप, सकाळी उघडीप. पुनमला मुलगी झाली. वजन दोन किलो नऊशे ग्रॅम. जयमालानं दवाखान्यातून घरी येऊन ओट्यावरचं दह्याचं वाडगं उचललं आणि उपडं धरून पाहिलं. दही पडलं नाही.